वणवा डोंगरावर, धग आपल्या दारात



भिसेगावात संध्याकाळी अंगणात उभे राहून डोंगराकडे पाहिले, तर फेब्रुवारी ते मे या दिवसांत कधी ना कधी अंधारात एक लाल माळ सरकताना दिसते. लहान मुलांना ती पाहायला मजा वाटते. मोठी माणसे म्हणतात, "लावला कुणीतरी वणवा," आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या पिंपावर काळी राख तरंगत असते, मुलांचा घसा खवखवतो, शेजारच्या आजींचा दमा उसळतो. तरीही आपण वणवा हा आरोग्याचा विषय मानत नाही. तो वनखात्याचा विषय आहे, असे समजून सोडून देतो.

या वेळच्या आरोग्य पानावर वणव्याचा धडा घेऊ. तो आपल्याच घरासाठी आहे. कारण आपल्या वस्त्या कुठे आहेत ते पाहा. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या वाट्याला माळाच्या कडेची, ओढ्याकाठची, डोंगराच्या पायथ्याची जागा आली. आज नगरपरिषद झाली, रस्ते झाले, पण अनेक वस्त्या अजून त्याच कडेला आहेत. मागच्या भिंतीला लागून वाळलेले गवत, पुढे बंबाची गाडी वळणार नाही एवढी गल्ली. म्हणून आग लागल्यावर मदत यायला जो वेळ लागतो, त्या वेळेपुरती तयारी आपली आपणच करायला हवी.

वणवा लागतो की लावला जातो?

कर्जत-खालापूर भागात पाऊस धो धो पडतो. त्या पावसावर गवत कमरेएवढे वाढते. ऑक्टोबरनंतर ते पिवळे पडते आणि फेब्रुवारीपर्यंत कागदासारखे कोरडे होते. त्यात पानगळीचा पालापाचोळा पडतो. सरपण तयारच असते, ठिणगी तेवढी बाकी असते.

ही ठिणगी आकाशातून पडत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लागणारे बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी विडी विझवल्याशिवाय टाकतो. कुणी मध काढायला धूर करतो. कुणी मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. कुणी शिकारीसाठी रान पेटवतो. सहलीला आलेली मंडळी चूल पेटवून निखारे तसेच टाकून जातात. शेतात राब भाजताना आग बांधावरून निसटते. आणि आपल्या अंगावर घ्यावे असे एक कारण आहे : वस्तीतला कचरा पेटवून आपण आत निघून जातो.

कर्जत परिसरात फार्महाऊस पुष्कळ झाली आहेत. आपले अनेक बंधू-भगिनी तिथे माळीकाम, राखणदारी करतात. मालक शहरातून फोन करतो, "पाला जाळून टाक." वारा वाहत असतो, कुंपणापलीकडे माळ असतो. आग निसटली तर मालक मुंबईला असतो आणि नाव आपल्या माणसाचे येते. अशा वेळी मालकाला स्पष्ट सांगावे, "साहेब, पाला खड्ड्यात घालतो, खत होईल. जाळला आणि रानात गेला तर गुन्हा दाखल होतो." हे खोटे नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला आग लावणे हा गुन्हा आहे.

राबाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. भाताचे रोप तयार करण्यासाठी टहाळ, शेण, पाला अंथरून जमीन भाजण्याची रीत रायगड-ठाण्यात जुनी आहे. पण याच कर्जत तालुक्यात, नेरळच्या सगुणा बागेत, 'सगुणा राईस टेक्निक' नावाची भातशेतीची पद्धत तयार झाली. तिच्यात गादीवाफ्यावर बी थेट टोकतात. रोपवाटिका नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून राब भाजायचीही गरज नाही. ज्यांची थोडीफार शेती आहे त्यांनी कृषी सहायकाकडे याची चौकशी करावी. ज्यांना राब भाजायचाच आहे त्यांनी तो वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, चहूबाजूंनी पट्टा साफ करून, पाण्याच्या दोन बादल्या आणि चार माणसे हाताशी ठेवून भाजावा. आग पूर्ण विझल्याशिवाय शेत सोडू नये.

"गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते," असे अजूनही ऐकू येते. जाळल्यावर लगेच हिरवे कोंब दिसतात, म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात बी जळते, कोवळी रोपे जळतात, मातीचा वरचा कस जळतो. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते. आणि करवंद, जांभूळ, रानभाजी विकून ज्या घरांत उन्हाळ्याचे चार पैसे येतात, त्यांचा तो हंगाम एका रात्रीत जातो.

आग कशी चालते ते समजून घ्या

वणव्याच्या तीन सवयी ओळखल्या तर जीव वाचतो.

पहिली सवय : आग चढावर पळते. ज्वाळा वर झुकतात, वरचे गवत आधीच तापवतात, आणि आग माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने चढते. उतरताना ती त्या मानाने हळू येते. म्हणून डोंगरावर आग दिसली तर वरच्या बाजूला पळणे ही सर्वांत मोठी चूक.

दुसरी सवय : घळ आणि ओढ्याची अरुंद नाळ धुराड्यासारखी काम करते. हवा खालून ओढली जाते आणि आग वर फेकली जाते. लपायला घळ बरी वाटते, पण तिथे शिरू नये.

तिसरी सवय : आग वाऱ्याचे ऐकते. दुपारी वारा जोरात असतो, ऊन तापलेले असते. सकाळी शांत दिसणारी आग दुपारी उडी मारते. विझली असे वाटलेली आग एका झुळकीने पुन्हा उठते. जळते पान, शेणीचा तुकडा वाऱ्याने उडून दूरच्या उडवीवर किंवा ताडपत्रीवर पडू शकतो.

या सवयींनी माणसांचे जीव घेतले आहेत. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर फिरायला गेलेल्या तरुण-तरुणींचा गट गवताळ उतारावर वणव्यात सापडला. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. आपल्या महाराष्ट्रात ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून गेले. ते रोजंदारीवरचे गरीब मजूर होते, रानाची माहिती असलेले होते. माहिती असलेल्यांनाही वारा फसवतो, तर आपण किती जपायला हवे! मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत इतक्या ठिकाणी आगी लागल्या, की नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर पाणी टाकायला आणावी लागली. तोच सह्याद्री आपल्या दारात आहे.

धूर : न दिसणारा मार

ज्वाळा वस्तीपर्यंत आली नाही तरी धूर येतो. धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तातही मिसळतात. शिवाय जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू निघतो. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे.

सर्वांत जास्त जपावे असे लोक : पाच वर्षांखालील मुले, गरोदर भगिनी, म्हातारी माणसे, दम्याचे, हृदयविकाराचे आणि क्षयरोगाचे रुग्ण. सिकलसेल असलेल्यांनीही सावध राहावे, कारण शरीराला ऑक्सिजन कमी पडला की वेदनांचा झटका येऊ शकतो. ज्यांनी आयुष्यभर चुलीपुढे फुंकर घातली त्या आपल्या आया-आज्यांची फुप्फुसे आधीच थकलेली असतात. त्यांना थोडा धूरही पुरतो.

वस्तीवर धूर आला की एवढे करावे :

१. धुराच्या बाजूची दारे-खिडक्या बंद करा. फटीत ओले फडके खोचा. घरातली त्यातल्या त्यात बंदिस्त खोली लहान मुले आणि आजारी माणसांसाठी ठेवा.

२. त्या वेळेत घरात चूल, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती पेटवू नका. बाहेरचा धूर आहेच, आतला वाढवू नका.

३. तोंडाला रुमाल किंवा पदर बांधल्याने राख अडते, बारीक कण अडत नाहीत. ओला रुमालही पुरेसा नाही. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवून घातला तर फायदा होतो. कोरोनाच्या दिवसांतले न वापरलेले मास्क असतील तर शोधून पिशवीत ठेवा.

४. पाणी वरचेवर प्या. डोळे चुरचुरले तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका.

५. दम्याचा पंप हाताशी ठेवा. क्षयरोगाच्या गोळ्यांचा एकही दिवस चुकवू नका.

६. घर धुराने भरत असेल, किंवा आग वस्तीकडे येत असेल, तर आत थांबू नका. वेळेत बाहेर पडा.

धाप लागून बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वास घेताना आत ओढली जात असेल, किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा.

होळीआधीची तयारी

तयारीचे काम फेब्रुवारी संपायच्या आत झाले पाहिजे. ते एकट्या घराचे नाही, वस्तीचे आहे. रविवारी विहारात वंदनेला सगळे जमतात, तेव्हा अर्धा तास यासाठी काढावा. महिला मंडळाने पुढाकार घेतला तर काम तडीस जाते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

पट्टा साफ करा. वस्तीच्या डोंगराकडच्या आणि माळाकडच्या बाजूला किमान ३० फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, पाला उचलून मोकळा करा. गवत कापायचे, जाळायचे नाही. वनखाते अशाच पट्ट्यांना जाळरेषा म्हणते, पण त्या जाळून काढण्याचे काम त्यांच्या प्रशिक्षित माणसांचे आहे. जागा आपली नसेल, वनखात्याची, रेल्वेची किंवा खाजगी मालकाची असेल, तर विचारल्याशिवाय हात लावू नका. वस्तीच्या सह्यांचा अर्ज नगरपरिषदेत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, आणि पोच घ्या. पोच घेतलेला अर्ज पुढे उपयोगी पडतो.

भिंतीपासून जळण दूर करा. सरपणाची मोळी, गोवऱ्या, पेंढ्याची उडवी, जुने टायर, प्लास्टिकचे भंगार हे घराच्या मागच्या भिंतीला लावलेले असते. तेवढेच पेटले तरी घर जाते. ते घरापासून जमेल तेवढे लांब, डोंगराच्या विरुद्ध बाजूला हलवा. पत्र्यावर साठलेला पाला झाडून काढा. छपराला प्लास्टिक किंवा ताडपत्री असेल तर तिची लोंबणारी टोके बांधून टाका.

पाणी आणि माती ठेवा. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, हे माहीत आहे. म्हणून कपडे धुतलेले पाणी एका पिंपात साठवा. प्रत्येक गल्लीत मातीच्या किंवा वाळूच्या दोन बादल्या आणि चार गोणपाट ठेवा. विजेच्या आगीवर आणि तेलाच्या आगीवर पाणी टाकायचे नाही, हे मुलांनाही शिकवा.

पिशवी भरून ठेवा. एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, घरपट्टीची पावती ठेवा. त्याबरोबर आणखी एक गोष्ट, जिचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको : जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि आजोबा-पणजोबांचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे. तो जुना शाळेचा दाखला जळला तर नातवंडांची शिष्यवृत्ती आणि प्रवेश अडतो. या सगळ्यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाईकाला पाठवून ठेवा. पिशवीत आठवड्याची औषधे, टॉर्च, पाण्याची बाटली, एक सुती चादर, थोडी रोख रक्कम असू द्या. पिशवी दाराजवळ खुंटीला टांगा, कपाटाच्या तळाशी नको.

यादी करा. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कोण एकटी आजी आहे, कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. प्रत्येक नावापुढे दोन तरुणांची नावे लिहा. आगीच्या वेळी त्यांचे काम ठरलेले असावे : आधी ते माणूस बाहेर, मग बाकी सगळे.

जमायची जागा ठरवा. विहाराचे पटांगण, शाळेचे मैदान किंवा डांबरी रस्ता, जिथे गवत नाही अशी जागा. मुलांना सांगून ठेवा, "चुकामूक झाली तर घराकडे परत यायचे नाही, तिथे थांबायचे." एकदा सगळ्यांनी चालत जाऊन किती मिनिटे लागतात ते पाहा.

आपल्या उत्सवांचे भान

वणव्याचे दिवस आणि आपल्या सणांचे दिवस एकच आहेत. २० मार्चचा महाड क्रांती दिन, १४ एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्ध पौर्णिमा. जयंतीच्या रात्री उडवलेला एक रॉकेट वाळलेल्या माळावर पडला तर काय होईल, हे सांगायला नको. डोंगराच्या पायथ्याशी आकाशात उडणारे फटाके वाजवू नयेत, असा ठराव जयंती समितीने करावा. मांडवाची वायरिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. भोजनदानाच्या ठिकाणी गॅसच्या टाक्या चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवाव्यात. विहारातली मेणबत्ती धातूच्या ताटात लावावी आणि शेवटच्या माणसाने ती विझवूनच कुलूप लावावे.

आग दिसली तर

धूर दिसताच फोन करा. "कुणीतरी केला असेल" असे समजून गप्प बसू नका. वनखात्याचा नि:शुल्क क्रमांक १९२६, अग्निशमन दल १०१, कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे चार क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवून ठेवा. फोनवर गावाचे नाव, जवळची खूण, आग कोणत्या दिशेला सरकते आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते सांगा.

आग वस्तीकडे येताना दिसली तर हा क्रम पाळा :

१. गॅसचा रेग्युलेटर बंद करा. टाकी उचलून पळू नका. विजेचा मेन स्विच पाडा.

२. शेळ्या, गाई, कोंबड्या मोकळ्या सोडा. दावणीला बांधलेले जनावर पळू शकत नाही.

३. नायलॉन, पॉलिस्टरची साडी, ओढणी, नाईट गाऊन बदलून सुती कपडे आणि पायात चप्पल-बूट घाला. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

४. दारे-खिडक्या ओढून बंद करा, पिशवी घ्या, यादीतली माणसे घ्या आणि ठरलेल्या जागी जा. सामानासाठी परत फिरू नका. भांडी, टीव्ही पुन्हा येतो.

५. रान पेटले की साप, विंचू वस्तीकडे धावतात. टॉर्च लावून चाला. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखान्यात जा.

तरुण मुलांना एक विनंती. आग विझवायला धावण्यात माणुसकी आहे, पण नागझिऱ्याचे मजूर आठवा. आग गुडघ्याच्या खाली असेल, रस्त्याजवळ असेल, मोठी माणसे बरोबर असतील, परतीची वाट मोकळी असेल, तरच ओल्या गोणपाटाने किंवा हिरव्या डहाळीने कडेकडेने झोडपा. आगीच्या तोंडासमोर आणि चढाच्या वरच्या बाजूला उभे राहू नका. एकाने फक्त वाऱ्यावर आणि वाटेवर नजर ठेवायची. ज्वाळा कमरेएवढी झाली की मागे फिरा. वनखात्याची माणसे आली की त्यांचे ऐका.

रानात असताना आगीत सापडलात तर आधीच जळून काळी झालेली जागा, नांगरलेले शेत, खडक किंवा मोकळे नदीपात्र गाठा. आगीच्या बाजूने आडवे आणि खालच्या दिशेला निघा. वाटच उरली नाही तर गवत नसलेल्या जमिनीवर पालथे पडा, तोंड जमिनीजवळ ठेवा, सुती चादर किंवा घोंगडी अंगावर ओढा. धूर वर असतो, जमिनीजवळ हवा थोडी बरी असते.

भाजल्यावर काय करावे, काय टाळावे

कपडे पेटले तर धावू नका. थांबा, जमिनीवर पडा, तोंड हाताने झाकून लोळा. दुसऱ्याचे कपडे पेटले तर घोंगडी किंवा गोधडी टाकून आग दाबा.

भाजलेल्या जागेवर साधे, थंड, वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. वीस मिनिटे म्हणजे घड्याळ लावून वीस मिनिटे. वाहते पाणी नसेल तर तांब्याने सावकाश ओतत राहा. लहान मूल असेल आणि जखम मोठी असेल तर बाकीचे अंग उबदार झाका, नाहीतर मूल गारठते. बांगड्या, अंगठी, पैंजण सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. मग स्वच्छ सुती कपड्याने सैल झाका.

टूथपेस्ट, शाई, हळद, शेण, तूप, बटाट्याचा कीस, बर्फ यांपैकी काहीही लावू नका. यांनी जखम चिघळते, आणि डॉक्टरांना ती घासून काढावी लागते तेव्हा रुग्णाचे जास्त हाल होतात.

तोंड, हात, जननेंद्रिय किंवा सांध्यावर भाजले असेल, तळहाताहून मोठी जागा असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर भगिनी असेल, तर लगेच कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा अशी खूण असेल तर रुग्ण बोलत-चालत असला तरी न्या, कारण आत घशाला सूज येत असते आणि काही तासांत श्वास अडू शकतो. जास्त भाजलेल्या रुग्णांना डॉक्टर मोठ्या ठिकाणी पाठवतात. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे फक्त भाजलेल्यांसाठीचे रुग्णालय आहे. कुठे न्यायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आग विझल्यावर

राख थंड दिसते, पण खोडात आणि मुळांत निखारे दोन-तीन दिवस धुमसतात. मुलांना तिथे खेळायला सोडू नका. घरातली राख कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून पुसा. उघड्या पिंपातले राख पडलेले पाणी पिऊ नका.

घराचे, जनावराचे, उडवीचे नुकसान झाले असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत असलेली आपत्ती आहे. अर्ज लेखी द्या, प्रत ठेवा. "तोंडी सांगितले होते" याला कचेरीत किंमत नसते. मुले रात्री दचकून उठत असतील, मोठी माणसे गप्प झाली असतील, तर त्यांच्याशी बोला. आशाताईंना सांगा. भीती हाही आजारच आहे, आणि बोलल्याने ती हलकी होते.

या रविवारचा अभ्यास

हे पान वाचून बाजूला ठेवू नका. या रविवारी विहारात मोठ्याने वाचा आणि पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

१. आपल्या वस्तीची कोणती बाजू वाळलेल्या गवताला लागून आहे? ती जागा कोणाची?

२. बंबाची गाडी कुठपर्यंत येऊ शकते? वाटेत काय आडवे आहे?

३. कोणत्या घरातल्या माणसाला उचलून न्यावे लागेल? कोण नेणार?

४. जमायची जागा कोणती? रात्री अंधारात तिथपर्यंत जाता येते का?

५. जातीच्या दाखल्यांचे आणि जुन्या पुराव्यांचे फोटो किती घरांनी काढले?

पहिल्या रविवारी सगळी उत्तरे मिळणार नाहीत. दुसऱ्या रविवारी पुन्हा बसा. याच जिल्ह्यात महाडला आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क एकजुटीने मिळवला. आगीपासून वस्ती राखायचे कामही एका घराला जमणारे नाही, सगळ्यांनी मिळूनच ते होईल. डोंगरावर लाल माळ दिसली की या वर्षी नुसते पाहत उभे राहू नका. फोन करा, शेजारच्या आजींना हाक मारा, आणि पिशवी खुंटीवर आहे ना, ते पाहा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.